श्रावणातला बोलका डबा

शहापूरच्या एसटी स्टँडबाहेर ऑम्लेट-पावची गाडी लावणाऱ्या त्या बाईचं नाव मी कधी विचारलं नाही. गिऱ्हाईक मोबाइलवर पिन टाकू लागलं की ती तव्याकडे तोंड फिरवायची. पैसे आल्याचं ओरडून सांगणारा डबा तर श्रावणात गोणपाटात गुंडाळूनच ठेवायची. "मेला अख्ख्या स्टँडला चुगली करतो," म्हणायची.

आमच्या घरी बाबांचा श्रावण इतका कडक, की अंडं हा शब्दही चालत नाही. त्यामुळे मला ती फार भरवशाची वाटायची. एकदा खाता खाता विचारलं, "मावशी, श्रावणात अजून कोण कोण येतं?"

"कुणाचं नाव सांगत नाय मी," ती ठसक्यात म्हणाली. मग रस्त्याकडे बघत हळूच बोलली, "पण तुमी आटपा, भाऊ. तुमच्या बाबांची यायची वेळ झाली."