सईद मिस्त्रीचा चहा

धाड गावच्या सईद मिस्त्रीला चहाचा भारी नाद, पण कामाच्या घरी तो घोटभरही घेत नसे. गळकं छत दुरुस्त झालं की स्लॅबच्या कडेनं मातीची पाळ घालायची, वर पाणी तुंबवायचं आणि दुसऱ्या दिवशी खालून छत कोरडं दिसलं तरच चहा. धाडमध्ये हे इतकं ठाऊक झालं होतं, की शेजारीपाजारी एवढंच विचारायचे, "सईदनं चहा पेला का?" हो म्हटलं की विषय संपला. शिक्क्याच्या कागदाला तरी असा मान कुठं मिळतो?

देऊळघाट गावात किसनरावांकडे मात्र घोळ झाला. बुद्धविहारामागचं त्यांचं घर. छताचं काम आटोपल्यावर सून मंजुश्रीनं चहा आणला आणि सईदनं सवयीनं हात आडवा केला.

खाटेवरून किसनराव कडाडले, "ने वं पोरी परत! असे लय पाह्यले म्या. आमच्या हातचं चालत नसन, तं तसं सांगाव."

म्हाताऱ्याच्या लहानपणी हॉटेलात त्यांच्या समाजाची कपबशी वेगळी ठेवलेली असायची, हे सईद ऐकून होता. नियम समजावत बसायची ती वेळ नव्हती. त्यानं कप उचलला, रिकामा केला आणि वर आणखी मागितला. किसनराव खुलले, गप्पा रंगल्या. चहा झाला म्हणजे काम झालं, ही इतक्या वर्षांची सवय. हत्यारं आवरून सईद निघाला आणि पाणी तुंबवायचं राहून गेलं.

ते आठवलं थेट श्रावणात झड लागल्यावर. देऊळघाटाहून ना फोन, ना ओरड. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून गप्प बसता आलं असतं. बसलाही तो थोडा वेळ, पण जीव लागेना. शेवटी त्यानं जीप पकडली.

किसनरावांच्या मधल्या खोलीत जमिनीवर भगोणं ठेवलेलं होतं आणि त्यात छताचं पाणी टपटपत होतं. म्हातारा असा ओशाळला, जणू चोरी त्याचीच पकडली गेली.

"फोन काऊन नाही केला बाबा?"

"कसा करू? तू माह्या घरी बसून चहा पेला. अन् मी गावात सांगू, सईदचं काम गळते म्हनून?"

शिव्या दिल्या असत्या तर सईदनं मुकाट सोसल्या असत्या, हे सोसवेना. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग त्यानं सगळं सांगून टाकलं. चहा का घेत नाही, त्या दिवशी का घेतला आणि काय राहिलं. "चूक माही हाये बाबा. आता उघाड पडली का तेवढं फोडून नवं करतो."

किसनरावांनी भरत आलेलं भगोणं बाहेर ओतलं आणि पुन्हा गळतीखाली ठेवलं.

उघाड पडली तसा सईद आला. कच्चा सांधा फोडला, नव्यानं भरला. तो पक्का झाल्यावर पाळ घालून पाणी तुंबवलं. खाली उतरताना त्याच्या मनात आलं, नियम गेला खड्ड्यात, या घरात आपण पुन्हा कपाला नाही म्हणायचं नाही. त्यानं स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक दिली, "मंजुताई, चहा ठेवा बरं!"

"ठेवू नको वं!" किसनराव खाटेवरून उठलेच. "उद्या छत पाहू, मंग देऊ. गावाले एक नियम, अन् आमच्या घराले काऊन येगळा?"