धाकलीच्या मणक्यातलं पाणी

माझी धाकली सून निजून मेथी निवडायची. कुशीवर पडून, परात तोंडाफुडं घेऊन. लसूण सोलायची, पोरीचा अभ्यास घ्यायची, समदं निजून. गल्लीतल्या बाया हसायच्या. ती म्हनायची, "बसून खानाऱ्या सुना लई बघितल्या तुमी. निजून काम करनारी बी बघून घ्या."

पहिल्यापासून तशी नव्हती. कपाशीच्या बियाण्याच्या प्लॉटवर दिवसभर उभं राहून बी धरावं म्हनून हातानं फुलाला फूल लावायची, तिच्या ओळीला कुनी गाठत नव्हतं. एक दिवस खताचं पोतं उचललं अन् पाठीत कट्कन वाजलं. दुसऱ्या दिवसापासून उभी राह्यली की डोकं फुटायचं. "आत्याबाई, डोक्यातलं कुनी खाली वढू राह्यलंय," म्हनायची.

मी दोन महिने तिला बोलले. "तुझं डोकं कामाला भेतंय. उठवलं की दुखतं, निजली की बरं." सासू व्हते, मला तेवढंच येत व्हतं. मंठ्याच्या डॉक्टरनं अर्धशिशी म्हनून गोळ्या दिल्या. दुसऱ्यानं चष्मा लावला. चष्मा घालून ती निजायची, मंग मला अजूनच राग यायचा.

शेवटी पोरानं नवीन जालन्यात मेंदूच्या डॉक्टरीणबाईकडं नेलं. मी बी गेल्ते. तिथंबी मी गाऱ्हानंच केलं. "बाई, हिला उभं केलं की दुखतं अन् निजली की पाच मिन्टात थांबतं. हे नाटक न्हाई तर काय?"

बाईनं पेन खाली ठेवला. "आजी, परत सांगा."

मी परत सांगितलं.

"नाटक नाही हे. मेंदूभोवती पाणी असतं, ते मणक्यात उतरतं. हिच्या मणक्यातली पिशवी फाटलीय, पाणी पाझरतंय. उभं राहिलं की मेंदू खाली ओढला जातो."

मशिनीच्या फोटोत तसंच निघालं. धाकली माझ्याकडं बघत राह्यली. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

तिच्याच हाताचं रक्त काढून सुईनं पाठीत सोडलं, गोठून भोक बुजावं म्हनून. तिसऱ्या दिवशी ती दवाखान्याच्या खिडकीपाशी उभी राह्यली, खालचे आटो बघत. "आत्याबाई, काहीच दुखंना." बसायला सांगितलं तरी बसंना.

निघताना बाईनं दोघींनाबी बजावलं. महिनाभर वाकायचं न्हाई, वजन उचलायचं न्हाई. अन् निजूनबी डोकं दुखलं तर त्याच घडीला यायचं.

घरी आलो. दारात भाकरतुकडा ओवाळला. आत पाय ठेवला अन् रीतीपरमानं ती वाकली, माझे पाय धरले. बाईचं बोलनं माझ्या ध्यानात व्हतं. पन जिला मी इतकं बोलले तीच सून पाया पडू राह्यली, मला बरं वाटलं. मी तिला अडवलं न्हाई.

सांजच्याला दुखायला लागलं. निजली की थांबायचं, म्हनून आमी थांबलो. पाचव्या दिवशी म्हनली, "आत्याबाई, आता निजूनबी थांबंना." पोरानं लगेच जीप केली. जालना यायच्या आधीच माझ्या मांडीवर तिचं बोलनं बंद पडलं. बाई म्हनली, वाकल्यानं भोक परत उघडलं, मेंदू खाली वढला जाऊन डोक्यात रक्त साचलं. ऑपरेशनला आत नेली, ती तशीच गेली.

आता सना-सुदीला कुनी पाया पडाया आलं की मी पाय लुगड्यात वढून घेते. लोकं म्हनतेत, म्हातारी फुगली. म्हनू द्या.