आक्रीत म्हणजे काय

“आक्रीत झालंय, लगोलग ये. एवढंच लिवा, मास्तर.”

सांगोल्याकडचा धोंडिबा मेंढपाळ माझ्या टेबलासमोर उभा होता. त्याचा मुलगा बिरू हुबळीला रेल्वेच्या कामावर होता. तीस सालच्या आसपासची गोष्ट. सोलापुरात तार ऑफिसबाहेर बसून मी लोकांच्या तारा इंग्रजीत लिहून देई. तारेला शब्दागणिक दर, म्हणून मजकूर तोकडा ठेवायचा, हेच आमचं कसब.

मी नाशिककडचा, इथं नवा. हा शब्द मी पोथीत वाचलेला, अद्भुत अशा अर्थाने. तरी विचारलं, “आक्रीत म्हणजे नवलच ना?”

“व्हय, नवालच की,” असं म्हणून त्याने मान खाली घातली. ते मला दिसलं. पण मागे गिऱ्हाइकं ताटकळली होती. ‘वंडर हॅपन्ड. कम सून,’ असं लिहून दिलं.

सहाव्या दिवशी बापलेक आले. बिरूने तारेचा कागद पुढे केला. “ह्यात काय लिवलंय, तुमीच सांगा.”

मी अर्थ सांगितला.

“आमच्या रेल्वे हापिसातल्या बाबूनंबी ह्योच अर्थ सांगितला. बायकूचं दिस भरलं व्हतं. म्हनलं, पोरगा झाला. समद्यास्नी पेढं वाटलं. पगार हुस्तवर थांबलो आन् झबलं-टोपडं घिऊन आलो.”

मग धोंडिबा सावकाश बोलला. बाळ पोटातच गेलं होतं. सुनेला त्याने बैलगाडीत घालून इथल्या इस्पितळात आणलं होतं. तार केल्यावर ती तीन दिवस जगली.

“मग तसं सरळ का नाही सांगितलंत?” मी विचारलं.

“जित्या मानसाचं मराण तोंडानं कसं काडू, मास्तर? आमच्याकडं आक्रीत म्हनलं की कळतंय.”

“चूक माझी आहे,” मी म्हणालो.

बिरूने कागदाची घडी घातली. बापाकडे वळून विचारलं, “इचारत व्हती का मला?”

“व्हय. रोज.”

दोघं निघून गेले. संध्याकाळी मी कोश उघडून पाहिला. मी केलेला अर्थ त्यात होता.

पुढे पुष्कळ वर्षं तारा लिहिल्या. अनोळखी शब्द आला की अर्थ विचारत बसलो नाही. “घरी सगळे धड आहेत ना?” एवढंच विचारी. काही जण चिडत, अभद्र बोलू नका म्हणत. मी ऐकून घेई आणि पुन्हा विचारी.