पाइप नसलेलं नळकोंडाळं

मी नगरपालिकेत अडीच वर्षं मेंबर होते. मी हे आपणहून कुणाला सांगत नाही. नातवंडं सांगतात, आणि मग घरी आलेले पाहुणे माझ्याकडं आदरानं बघायला लागतात. तो आदर एकदाचा उतरवून ठेवावा म्हणून हे लिहायला बसले.

मला कुणी निवडून दिलेलं नव्हतं. बहात्तरचा दुष्काळ मागं पडून दहा-एक वर्षं झाली होती आणि पुढचा दारात येऊन उभा होता. आमच्या तालुक्याच्या गावच्या पालिकेत एक बाई घेणं भाग होतं, आणि आमच्या बौद्ध वस्तीतलंही कुणी घेतलं तर बरं दिसेल, असं कुणीतरी शहाण्यानं नगराध्यक्षांच्या कानात सांगितलं. दोन माणसं घ्यायची तर दोन खुर्च्या गेल्या असत्या. मी बाईही होते आणि वस्तीतलीही. वर मॅट्रिक पास. एका खुर्चीत भागलं. शिवाय नगराध्यक्षच खरेदी-विक्री संघाचे चेअरमन, आणि माझा नवरा संघाच्या गोदामात काट्यावर कामाला. म्हणजे सभेत मी किती बोलेन याचा अंदाज त्यांनी आधीच बांधून ठेवला होता. त्या पालिकेनं बांधलेला तेवढा एकच अंदाज बरोबर निघाला.

मला मात्र वाटलं, ही माझी हुशारी. तेव्हाची मी आता कुठं भेटले तर तिच्या कानाखाली वाजवीन. कांजी केलेल्या दोन साड्या घेतल्या, काळी पर्स घेतली आणि पर्समध्ये ठेवायला काही नव्हतं म्हणून रुमालाच्या तीन घड्या घातल्या. किराण्याच्या पुडीच्या कागदावर सही गिरवत बसायची. इंग्रजीत एक, मराठीत एक. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो, चुलीपाशी बसून ते बघायच्या. बहात्तरला खडी फोडून त्यांचा एक गुडघा कायमचा गेला होता, जीभ मात्र शाबूत होती. त्या म्हणाल्या, "सही पुरं झाली, मेंबरीणबाई. आता पीठ मळा."

आमच्या वस्तीत नळ नव्हता. गावाची मोठी पाण्याची टाकी बाजाराच्या अंगाला, तिथून निघालेला पाइप नगराध्यक्षांच्या गल्लीपर्यंत येऊन दमायचा. पुढं ओढा, आणि ओढ्यापलीकडं आम्ही. उन्हाळ्यात पालिकेचा टँकर एक दिवसाआड यायचा आणि विहाराच्या भिंतीशी उभा राहायचा. त्या टँकरवर साठ-सत्तर घरं जगायची. मी ठरवलं, आपण मेंबर झालोय तर नळ आणायचाच. वस्तीत तसं सांगूनही टाकलं. बोलायला काय लागतं?

फेब्रुवारीत अंदाजपत्रकाची सभा झाली. टेबलावर हिरवं कापड, प्रत्येकापुढं चिवडा, दोन पेढे आणि कागदांचा गठ्ठा. गठ्ठा कुणी उघडला नाही, पेढे सगळ्यांनी उघडले. लेखापालांनी आकडे वाचले. जकात अमुक, घरपट्टी अमुक, नळपट्टी अमुक, खर्च तमुक, आणि अखेरीस शिल्लक. दुष्काळ तोंडावर, बाजारात माल नाही, जकात नाक्यावरचा कारकून दुपारी झोपलेला असायचा, आणि आमच्या पालिकेकडं शिल्लक! मला इतका अभिमान वाटला की टाळ्या वाजवणारी मी पहिली. पुढं कळलं की वर्षानुवर्षं कुणी न भरलेली घरपट्टी येत्या वर्षी शेवटच्या पैशापर्यंत वसूल होणार असं धरलं की शिल्लक आपोआप पडते. दर वर्षी पडायची. कागदावर आमच्याइतकं श्रीमंत गाव साऱ्या मराठवाड्यात नसेल.

मी उठून आमच्या नळाचा विषय काढला. नगराध्यक्ष लगेच म्हणाले, घ्या ताईंचं काम घ्या. लेखापालांनी तिथल्या तिथं एक ओळ घातली, ‘ओढ्यापलीकडील वस्तीस नळ’, आणि तिच्यापुढं रक्कम लिहिली एक रुपया. मी विचारलं, रुपयात नळ कसा होईल? ते माझ्याकडं लेकरासारखं बघून म्हणाले, "ताई, आधी ओळ उघडावी लागते. ओळ उघडली म्हणजे काम झालंच समजा."

मी समजले. समजण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. त्याच सभेत आणखी एक ठराव आला, टंचाईत टँकर कुणाला द्यायचे याचा. नळाची सोय मंजूर असलेल्या वस्त्यांना टँकर देऊ नये, म्हणजे पालिकेचा पैसा वाचेल, असा. सूचक दुसरे एक मेंबर होते. अनुमोदन द्यायला नगराध्यक्षांनी माझ्याकडं बघितलं, आणि कुणीतरी आपल्याकडं बघितलं याच आनंदात मी सही ठोकली. इंग्रजीतली.

घरी येताना दोन किलो गूळ घेतला आणि घरोघर खडा-खडा वाटला. नळ आला, म्हणून सांगितलं. आत्याबाईंनी गूळ तोंडात टाकला आणि पाणी मागितलं.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात खरोखरच गवंडी आले. सरकारचं कसलंसं अनुदान पडून होतं, महिनाअखेर खर्चलं नाही तर परत जाणार होतं. आमची ओळ उघडी होतीच, तिच्यात ते ओतलं. चार दिवसांत विहाराच्या भिंतीला लागून सिमेंटचं झकास नळकोंडाळं उभं राहिलं. ओटा, तिन्ही बाजूंनी कठडा, सांडपाण्याला उतार, आणि मधोमध पितळी तोटी. पाइप तेवढा नव्हता. पाइपाची ओळ वेगळी होती आणि ती कुणी उघडली नव्हती. तोटी भिंतीत बसवली होती, भिंतीमागं चिलारीचं झुडूप.

आणि टँकर बंद झाला.

पहिल्या दिवशी आम्हाला वाटलं, बिघडला असेल. तिसऱ्या दिवशी आत्याबाईंनी मला पालिकेत धाडलं. कारकुनानं यादी दाखवली. आमच्या वस्तीच्या नावावर काट, बाजूला शेरा, ‘नळ आहे’. घरी येऊन मी सांगितलं, ठरावामुळं झालं. आत्याबाईंनी शांतपणे विचारलं, ठरावावर सही कुणाची? मी पर्सची चेन उघडली आणि लावली.

वस्तीतल्या बायका मग दीड कोसावरच्या एका मळ्यातल्या विहिरीवर जायला लागल्या. मालकाच्या मनात असलं तर गडी मोटरचं बटण दाबायचा, नसलं तर बायका उन्हात बसून राहायच्या. आत्याबाईही जायच्या, तो गुडघा घेऊन. मी म्हणायची, तुम्ही राहू द्या, मी दोन खेपा जास्त करते. त्या म्हणायच्या, "तू मेंबर हाईस, पोरी. तू सही कर." कुणी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. बायका वाटेत मला पुढं जाऊ द्यायच्या, एवढंच.

मी नगराध्यक्षांकडं गेले. ते अजिबात रागावले नाहीत. असली माणसं रागावत नाहीत. चहा मागवला आणि समजावून सांगितलं की झालेला ठराव तीन महिने फिरवता येत नाही, कायदा आहे. आणि तुमच्या वस्तीला टँकर धाडला तर याचा अर्थ तिथं नळ नाही असा होतो. नळ नाही म्हटलं तर अनुदान गेलं कुठं असं विचारतील. "तुम्हीच सांगा ताई, तुमच्यासाठी केलेलं काम आपणच खोटं पाडायचं का?" मला क्षणभर ते पटलंसुद्धा. कानाखाली वाजवीन म्हणाले ते उगीच नाही. त्याच महिन्यात वस्तीतल्या घरांना नळपट्टीच्या नोटिसा आल्या, हेही सांगून टाकते.

कोंडाळ्याचा उपयोग आत्याबाईंनी शोधून काढला. ऊन दिवसभर, सिमेंट तापलेलं, गोवऱ्या दोन दिवसांत खडखडीत वाळायच्या. तोटीवर त्या ओलं फडकं वाळत घालायच्या.

मे महिन्यात धाराशिवहून साहेब तपासणीला येणार असं कळलं. तेव्हा आम्ही उस्मानाबादच म्हणायचो. आदल्या दिवशी सकाळी पालिकेची दोन माणसं आली. गोवऱ्या उचलून बाजूला रचल्या, ओटा धुतला, धुवायला पाणी बरोबर आणलं होतं. मग भिंतीमागचं चिलार तोडून तिथं दगडांचा उंच चौथरा रचला, त्यावर डांबराचं रिकामं पिंप चढवलं आणि पिंपातून हातभर नळी काढून तोटीला मागून जोडली. अख्खी वस्ती बघत उभी. लपवायची त्यांना गरजच वाटली नाही. आम्ही कुणाला सांगणार? सांगणारी मेंबर त्यांच्याच खुर्चीवर.

मी पेटून उठले. चार पानी भाषण लिहून काढलं. साहेबांपुढं उभी राहून सगळं बाहेर काढणार होते, तोटी, पिंप, एक रुपया, सगळं. आत्याबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"मंग सायब काय करल?"

"लिहून घेतील. चौकशी लागेल."

"किती दिस?"

"सहा महिने. वर्षही लागेल."

"मंग नको बोलूस. सायब वहीत लिवून न्हेईल. वही पिता येत न्हाई." आणि त्या काठी टेकत पालिकेच्या माणसाकडं गेल्या, त्याला विचारलं, का रं बाबा, पिंपात किती घागरी पाणी मावतं? तो म्हणाला, बारा-तेरा. आत्याबाई परत आल्या आणि घरोघर एकच निरोप दिला, की उद्या घरात जेवढी भांडी असतील तेवढी घेऊन या, आणि कुणी बोलायचं नाही.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला जीप आली. साहेब तरुण होते, कपाळावर घाम, पोटात नगराध्यक्षांच्या घरचा नाश्ता. वस्तीतल्या साऱ्या बायका रांगेत. घागरी, हंडे, कळशा, डालड्याचे डबे, एकीनं तर पोराला आंघोळ घालायचं घमेलं आणलेलं. तोटी फिरवली आणि पाणी आलं. डांबराचा वास मारत होतं, पण धार जाड होती. साहेब खूश. दोन भांडी भरलेली बघितली की साहेब निघतात, हा पालिकेचा हिशेब. आमची रांग हलेना. भरून गेलेली बाई दुसरं भांडं घेऊन शेवटी उभी राहायची. साहेबांनाही त्या शिस्तीचं कौतुक वाटून ते थांबले.

अकराव्या घागरीला धार बारीक झाली. नगराध्यक्षांनी मागं वळून नुसती मान हलवली. ओढ्याच्या बाजूनं आमचा टँकर, तोच तो, हळूच येऊन भिंतीमागं उभा राहिला. पिंपात पाइप पडल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. साहेबांनाही आला असणार. ते रुमालानं चष्मा पुसत होते. धार पुन्हा जाड झाली.

शेवटी नगराध्यक्ष म्हणाले, आता आमच्या ताई दोन शब्द बोलतील. म्हणजे आभार. चार पानं पर्समध्ये होती. मी आत्याबाईंकडं बघितलं. त्या कळशी काखेत घेऊन उभ्या होत्या, दुसऱ्या हातात काठी.

मी म्हणाले, "साहेब, आमचा नळ असाच चालतो. तुम्ही परत या, मोठ्या साहेबांनाही आणा. पण आधी कळवू नका. न कळवता कुठल्याही दिवशी या, म्हणजे खरं काम दिसेल."

साहेबांनी मान डोलावली आणि नगराध्यक्षांना म्हणाले, चांगली सूचना आहे, येऊ आपण. नगराध्यक्ष हसले. ते हसू मी अजून जपून ठेवलंय, कधी कंटाळा आला की काढून बघते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला टँकर भिंतीमागं हजर. तिसऱ्या दिवशीही. पूर्वी दिवसाआड यायचा, आता रोज यायला लागला, कारण साहेब कुठल्या दिवशी येतील याचा नेम नव्हता. आठवड्यानं पिंप बदलून लोखंडी टाकीच आणून ठेवली, डांबराचा वास मोठ्या साहेबांना चालला नसता म्हणून. यादीत आमच्या नावावरची काट तशीच राहिली. टँकरचं डिझेल कुठं घातलं ते मी लेखापालांना विचारलं. ‘नळाची चाचणी’ अशी एक ओळ उघडली होती. चाचणी पाऊस पडेपर्यंत चालली.

साहेब काही परत आले नाहीत. नगराध्यक्ष मात्र रोज त्यांची वाट बघायचे आणि आम्ही पाणी भरायचो. मी पुढंही दोन वर्षं त्या खुर्चीवर बसले, हात वर केले, पेढे खाल्ले. फार काही शिकले असं नाही. फक्त सही करायच्या आधी कागद वाचायला लागले, तर माझ्यापुढं कागद यायचेच बंद झाले. पाइप आमच्या वस्तीत आला तेव्हा माझा थोरला कॉलेजात होता.

त्या वर्षी पाऊस पडला, टँकर थांबला, आणि दिवाळीनंतर ऊन लागल्यावर आत्याबाईंनी कोंडाळ्यावर पुन्हा गोवऱ्या घातल्या. मी म्हणाले, आत्याबाई, ती पालिकेची मालमत्ता आहे.

"राहू दे की," त्या म्हणाल्या. "सायब येनार कळलं की उचलते."