माळ कमरेपर्यंत आली होती

लोकांना दवाखान्यात न्यायचं आणि एकदा नेलेल्यांना परत न्यायचं, हे सरूबाईचं काम. ती गावची आशा सेविका. पहिलं सोपं असतं. दुसऱ्यासाठी ती आज शेंद्र्यापलीकडच्या वस्तीवर तिसऱ्यांदा चालली होती.

वस्तीवरच्या बानाबाईला क्षय होता. गोळ्या सुरू झाल्या आणि काही दिवसांत उलट्या लागल्या, डोळे पिवळे पडले. रक्तात लिव्हरचे आकडे चढलेले निघाले. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी गोळ्या थांबवल्या आणि आठवड्यानं पुन्हा रक्त द्यायला बोलावलं. आकडे उतरले की एकेक औषध परत चालू करायचं होतं. आठवडा उलटून गेला, बाना आली नाही. गोळ्या बंद आणि खोकला पुन्हा सुरू.

बानाची सासू सारजाबाई दारात शेळीला पाला टाकत होती.

"आली का बया! चपला झिजवून काय भेटतं गं तुला?"

"नव्या चपला. मावशी, बानाला न्यायला आले."

बाना आत भिंतीला टेकून बसली होती. कमरेभोवती काविळीची माळ होती. काड्यांचे तुकडे दोऱ्यात गुंफलेली ही माळ आधी डोक्यावर ठेवतात. काड्या वाळतात, दोरा सैल पडतो, माळ वाढत वाढत खाली येते. पायातून निघाली की कावीळ गेली, असा हिशेब.

"माळ निघस्तोवर सुई लावायची नाय," सारजाबाई म्हणाली. "आमच्या मालकाची कावीळ अशीच उतरली व्हती."

"माळ राहू द्या की. रक्त तर चमचाभरच घेणार."

"ते फकिराला इचार. माळ त्याची हाय."

आत बाना खोकली. खोकला लांबला. सारजाबाईचा हात पाल्यातच थांबला.

फकिरा शेंद्र्याच्या चौकात रिक्षा लावून बसला होता. माळ देणं बापापासूनचं, पोट रिक्षावर.

"ताई, माळेचा रुपया घेत नाय मी. नाव तेवढं राहतं. उद्या पोरीला काय झालं तर लोक म्हणतील, फकिरानंच नियम मोडला."

"माझं नाव सांगा. सरूबाईनं मोडायला लावला म्हणा."

"लोक शिव्या घालतील तुम्हाला."

"आत्ता काय हार घालतात व्हय?"

फकिरा हसला. हॅण्डलवर बोटं वाजवत म्हणाला, "बसा."

माळवाल्यानंच परवानगी दिल्यावर सारजाबाईला अडवता येईना. बाना दोन्ही हातांनी माळ सावरत रिक्षात बसली. केंद्रातल्या नर्सनं माळेकडं पाहिलं, सरूबाईकडं पाहिलं आणि गुमान दंडाला पट्टा बांधला.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. आकडे पूर्ण नाही, पण पुरेसे उतरले होते. डॉक्टरांनी एकच औषध चालू केलं. पुढचं देण्याआधी पुन्हा रक्त, त्यानंतरच्याला पुन्हा. गोळी घेऊन सरूबाई वस्तीवर गेली.

"उतरले म्हंती आकडे," सारजाबाईनं तिला दारातच गाठलं. "बघ, माळेनं उतरवले का नाय?"

गोळ्या थांबवल्या म्हणून ते उतरले, हे सरूबाईला सांगता आलं असतं. पण उन्हात चालून गुडघे भरून आले होते, आणि थोड्याच दिवसांत याच दारातून बानाला परत न्यायचं होतं.

"व्हय मावशी," ती म्हणाली आणि बानापुढं पाण्याचा तांब्या सरकवला.