नवव्या दिवशी सोडलेली पट्टी

माझा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. कोणी विचारलं तर मी सांगते, लहानपणी पडले. हे अर्धंच खरं आहे. पडले होते, पण तेव्हा लहान नव्हते, आणि हात गेला तो पडल्यामुळे नव्हे.

विदर्भ तिकडे मुंबई राज्यात गेला आणि आमचा बालाघाट इकडे मध्य प्रदेशात राहिला, त्यानंतर दोन-तीन वर्षांतली ही गोष्ट. मी सतरा-अठरा वर्षांची असेन. घर बालाघाटच्या कडेला आणि शेत मैलभरावर होतं. धानाची कापणी चालली होती. डोक्यावर धानाचा भारा आणि तो धरायला उजवा हात वर, अशी मी दोन शेतांमधल्या अरुंद धुऱ्यावरून येत होते. पाय घसरला. भारा सोडून द्यायची अक्कल सुचली नाही, त्यामुळे वर धरलेला हात तसाच मागे ओढला गेला. उठले तर खांद्याची गोलाई सपाट झालेली आणि काखेच्या पुढं एक गाठ वर आलेली. दुखत तर होतंच, पण मी घाबरले ते तो आकार बघून.

सरकारी दवाखाना गावातच होता, पण हाडाचं काही झालं की आमच्याकडचं कोणी तिथं जात नसे. दवाखान्यात पोरगी नेली की गावभर बोभाटा होतो, असं मायचं म्हणणं. म्हणून बाबांनी मला छोट्या लाईनच्या गाडीनं लामत्याला नेलं. तिथून कोसभर आत एक म्हातारा उतरलेली हाडं बसवायचा. त्यानं मला जमिनीवर निजवलं, आपली टाच माझ्या काखेत टेकवली आणि मनगट धरून हात हळूहळू ओढत राहिला. ओढताना बाबांना यंदाचं धान कसं काय म्हणून विचारत होता. मी त्याच्या बोलण्याकडे कान लावून होते तेवढ्यात आतून खट् झालं आणि खांदा जागेवर गेला. मग जुन्या धोतराची पट्टी करून त्यानं माझा हात छातीशी घट्ट बांधला आणि बाबांना बजावलं, "इक्कीस दिन खोलना मत. हड्डी बैठ गई, पर अंदर का कपड़ा फटा है. उसको जुड़ने दो."

नवव्या दिवशी मायनं ती पट्टी सोडली. जवळच्याच लालबर्ऱ्याचे लोक मला बघायला येणार होते. मुलगा तांदळाच्या गिरणीत कामाला होता, घरची शेती होती, आणि मुख्य म्हणजे लोक मराठी होते, तेही आपल्याच बाजूचे. माझ्या दोन मावश्या भंडाऱ्याकडे दिलेल्या, त्यांची तोंडं वर्षवर्ष दिसत नसत, म्हणून मायनं लेक जवळ द्यायची असं मनाशी पक्कं केलं होतं. बाबा म्हणाले, त्यांना दोन आठवडे थांबायला सांगू. माय म्हणाली, "बांधलेल्या हाताची पोरगी कोन पाह्यते?" बाबा उठून शेतावर गेले. मी एरवी भांडखोर, पण त्या दिवशी मीही एक शब्द बोलले नाही. खरं सांगायचं तर मलाही मुलगा बघायचा होता.

पाण्याचा तांब्या आणि सुपारीचं तबक मी दोन्ही हातांनी नेलं. दुखलं, पण चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. मुलाची आई शेजारी बसवून माझ्याशी बोलली, काय काय येतं ते विचारलं. लग्न ठरलं. त्यानंतर पट्टी पुन्हा कोणी बांधली नाही, कारण आता गावातल्या बायका रोज येऊन बघून जात होत्या.

माघात एकदा वरच्या दांडीवर लुगडं वाळत घालताना खांदा निसटला. माय धावत आली, तिनं हात हलवता हलवता खांदा आपणच आत गेला. त्या दिवसापासून मायनं मला वर हात करायची सगळी कामं बंद केली आणि कोणालाही सांगायचं नाही म्हणून देवाची शपथ घातली. लग्नात हार घालण्याची तिला धास्ती होती. तिनं सुताची दोरी हाराएवढी करून घेतली आणि कोपर अंगाशी ठेवून ती गळ्यात कशी टाकायची हे माझ्याकडून घटवून घेतलं. नवऱ्या मुलाला मान खाली करायला सांगायचं कामही मामांवर सोपवलं. इतकी तयारी तिनं माझ्या रुखवताचीही केली नव्हती.

वैशाखात लग्न लागलं. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट दूर झाला. मुलानं खरंच मान खाली केली होती, हे मला अजून आठवतं. पण त्याच्या मित्रांना गंमत सुचली. चौघांनी त्याला मांड्यांना धरून वर उचललं. मांडवभर हसू उसळलं आणि बायका मला म्हणायला लागल्या, उंच कर, अजून उंच कर. मी कोपर अंगाशी धरून उभी राहिले तर कोणीतरी मागून मला ढकललं. मी हात वर नेला. हार पडला त्याच्या गळ्यात, थोडा वाकडा, आणि माझा खांदा बाहेर आला.

मी ओरडले नाही. समोर माय उभी होती. तिच्या लक्षात आलं होतं. तिनं फक्त मान हलवली, नाही म्हणून. मी पदर खांद्यावरून पुढं ओढून घेतला. फेऱ्यांच्या वेळी मुलानं माझा हात धरला तेव्हा तो एकदम थांबला आणि हळूच विचारलं, "हात एवढा थंडा काहून?" मी म्हणाले, काही नाही. वरात उभी असताना दुसरं काय म्हणणार होते? जेवणं झाली, पाया पडणं झालं, संध्याकाळी लालबर्ऱ्याच्या गाडीत बसवून मला पाठवून दिलं. मायनं निरोप देताना डाव्या बाजूनं मिठी मारली. सगळ्यांना वाटलं मी माहेर सुटलं म्हणून रडते आहे.

सकाळी सासू मला हळदीची आंघोळ घालायला बसली तेव्हा तिला खांदा दिसला. तिनं पाण्याचं भांडं खाली ठेवलं आणि कधीपासून, म्हणून विचारलं. मी सगळं सांगून टाकलं, भारा, म्हातारा, पट्टी, दांडी, हार. आता माझी रवानगी परत माहेरी होणार हे मी धरून चालले होते. तिनं माझ्या खांद्यावर कोरडं लुगडं टाकलं. मग म्हणाली, "बाई, पहिलेच सांगतलं काहून नाही? हात उतरला म्हणून कोनी पोरगी सोडते का? आमी थांबलो असतो."

पहिल्या बसनं तिनं मला बालाघाटच्या सरकारी दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी गुंगी देऊन खांदा बसवला, पण हाड रात्रभर बाहेर राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दंडाच्या वरच्या बाजूला टाचणी टोचून विचारलं, लागतं का. मला काहीच लागत नव्हतं. त्यांनी एका हाताची मूठ दुसऱ्या हाताच्या खोलगट पंजात धरून दाखवलं की खांद्याची खोबण उथळ असते, त्यात बसणारा दंडाच्या हाडाचा चेंडू जागेवर ठेवायचं काम भोवतालच्या वेष्टणाचं आणि स्नायूंचं. हाडाला वळसा घालून एक नस जाते, ती बाहेर आलेल्या हाडानं तासन्‌तास ताणली गेली होती. हात उचलणारा स्नायू तिच्यावरच चालतो. काही महिन्यांत सुधारलं तर सुधारलं, असं ते म्हणाले. वेष्टण पहिल्यांदाच जुळू दिलं असतं तर एवढं झालं नसतं, हेही म्हणाले. बरं की तेव्हा माय तिथं नव्हती.

माय दुपारी आली. सासू बाहेर चहाला गेली होती. माय माझ्या खाटेशी बसली, डोळे रडून सुजलेले, आणि तिनं पहिला प्रश्न विचारला, "काय म्हणे तुही सासू?"

मी तिच्याकडे बघितलं. सासू जे बोलली ते सांगितलं असतं तर मायनं उरलेला जन्म त्या नवव्या दिवसाशी भांडण्यात घालवला असता. मी म्हणाले, "लई बोलली. फसवलं म्हणे आमाले."

मायच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. "पाह्यलं? मले ठाऊकच होतं," ती म्हणाली, आणि माझ्या कपाळावरून हात फिरवत राहिली.

हात सुधारला नाही. मला स्वतःची वेणी घालता येत नसे, म्हणून सासू रोज सकाळी मला पुढ्यात बसवून वेणी घालायची. तिच्या अखेरपर्यंत तिनं ते केलं, एक दिवसही कुरकूर न करता. माय मात्र लालबर्ऱ्याला आली की तिच्या हातचं पाणी प्यायची नाही आणि तिच्याशी एक शब्द बोलायची नाही. एकदा माझे केस विंचरता विंचरता सासूनं विचारलं, "तुह्या मायचं मी काय वाईट केलं बाई?"

मी म्हणाले, तिचा स्वभावच तसा आहे. सासू बरं म्हणाली आणि वेणी घालत राहिली.