आठवारी

दिवाकर बोंगाळे पलंगावर आडवा होतो तेव्हा दुपारचे चार वाजलेत. झोपायचं नाही, नुसती पाठ टेकायची, असं त्याने स्वतःला बजावलंय. पण बासष्ट वर्षांच्या माणसाची पाठ एकदा टेकली की बाकीचा माणूसही मागोमाग येतोच. डोळ्यांवर पडद्यातून उन्हाची एक पट्टी पडलीय. ती सरकवायला उठायचा त्याला कंटाळा येतो.

कपाटाच्या दाराला किल्ट टांगलेला आहे, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा निऱ्यांचा घागरा. हिरवा-निळा चौकडा आणि त्यात पिवळी बारीक रेघ. स्कॉटलंडमधल्या या हॉटेलात आज सकाळी त्याच्या एकुलत्या एक लेकीचं, रेवतीचं, नोंदणी पद्धतीने लग्न लागलं. संध्याकाळी सहाला खाली मोठी मेजवानी आहे. तिथे एकजात सगळे पुरुष किल्ट घालून येणार. वर आखूड काळा कोट, गळ्यात काळा बो, पोटावर चामड्याची पिशवी. व्याही अ‍ॅलिस्टर यांच्या घराण्यात मानाच्या संध्याकाळी दुसरं काही चालतच नाही. बाबांना यातलं काही कमी पडू नये म्हणून रेवतीने दिवाकरची एक जुनी पँट गुपचूप पळवली, तिच्यावरून माप दिलं, कापड स्वतः निवडलं आणि महिन्याभरापूर्वी खोकं आणून हातात ठेवलं.

"बाबा, माझ्यासाठी एवढंच करा," ती म्हणाली.

"बघू," दिवाकर म्हणाला. आपल्याकडे 'बघू'चा अर्थ काय होतो हे स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या पोरीलाही चांगलं ठाऊक आहे. तिचा चेहरा पडला.

आज दुपारपासून त्याने किल्ट दोनदा घालून काढलाय. बायकोला, शैलजाला, त्याने सांगितलं की गुडघ्यांना वारं लागतं. ती खाली मेजवानीच्या कामांत असल्याने तिने ते मान्य केलं. पण खरं कारण गुडघ्यांचं नाही, आणि लाजेचंही नाही. खरं कारण कराडचं आहे, चौतीस वर्षांपूर्वीचं.

दिवाकरचे वडील, अण्णा, कराडात एका कापडाच्या दुकानात चाळीस वर्षं गादीवर बसले. मालक बदलले, अण्णा बदलले नाहीत. दिवाकरच्या लग्नासाठी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा दुकानातलं सगळ्यांत भारी धोतर स्वतःच्या घरी नेलं. नागपुरी, लाल रेशीमकाठी. एक अख्खी दुपार बसून त्याच्या चुण्या पाडल्या. आणि लग्नाच्या सकाळी नवरदेव सूट चढवून बाहेर आला. "सगळ्यांसमोर सुटलं तर?" असं म्हणून हसलासुद्धा. मित्रही हसले. अण्णा म्हणाले, "बरं." धोतराची घडी घातली आणि पाहुण्यांचं बघायला गेले. पुढे कधी त्यांनी तो विषय काढला नाही, आणि दिवाकरला काढायचा धीर झाला नाही. बापाने मायेने आणलेलं नेसलो नाही, आणि आता व्याह्यांसाठी गुडघे उघडे टाकून मिरवायचं? हे त्याच्या घशाखाली उतरत नाही. म्हणून सूट खुर्चीवर तयार ठेवलाय.

उन्हाची पट्टी डोळ्यांवरून गालावर येते. कपाटापाशी कुणीतरी उभं आहे. किल्टचा काठ अंगठा आणि बोटात धरून चोळतंय. तशी चोळायची रीत जगात एकाच माणसाची होती.

"लोकर हाय," अण्णा म्हणतात. "पण चांगली हाय. धुतली तरी आटायची न्हाई."

"अण्णा, तुम्ही कधी आलात?"

"मगाशीच. तुझा डोळा लागायची वाट बघत हुतो."

त्यात नवल वाटण्यासारखं काही नाही. अण्णा किल्ट कपाटावरून काढतात आणि पलंगावर पसरायला लागतात, आणि तो पसरतच जातो, कारण पलंग आता दुकानातली गादी आहे. पांढरीशुभ्र खोळ, भिंतीला टेकलेले तागे, कोऱ्या कापडाचा वास. गल्ल्याशेजारी हॉटेलचा टेलिफोन आहे. अण्णा मांडी घालून बसतात आणि कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत हाताने माप घेत जातात. ओठ पुटपुटताहेत.

"सोळा हात. म्हंजे आठ वार!" ते मान वर करतात. "आठ वार कापड घालूनबी गुडघं उघडंच? गिऱ्हाईक भांडंल की रं!"

"पद्धत आहे त्यांची."

"आणि वरचा कोटबी आखूडच. ह्या लोकांस्नी कापड पुरत न्हाई का काय?" ते पोटावरची चामड्याची पिशवी उचलून आत डोकावतात. "ही चंची बरी हाय. पान-सुपारी ऱ्हातीय. हे नेसायचं कवा?"

"मोठ्या समारंभाला. संध्याकाळच्या जेवणाला."

"म्हंजे जेवणाचं सोवळं म्हण की," अण्णा निकाल देतात. चाळीस वर्षं गिऱ्हाइकाला हवं ते नाव देऊन माल खपवलेला माणूस. "मग नेसत का न्हाईस?"

दिवाकर मान खाली घालतो. तो अण्णांच्या पायांकडे बघतोय. अण्णांनी धोतर नेसलंय, कडक, कोरं, घड्यांच्या रेघा अजून मोडलेल्या नाहीत. काठ लाल रेशमाचा.

अण्णा गेले त्या जानेवारीत इथे बर्फाने विमानं बंद पडली होती. दिवाकर दोन दिवस उशिरा पोचला. धाकट्या भावाने, मधूने, सांगितलं होतं, ट्रंकेत एक कोरं धोतर सापडलं, तेच नेसवलं शेवटी. कुठलं धोतर, हे दिवाकरने विचारलं नव्हतं. विचारायची गरजच नव्हती.

"माझं धोतर," तो कसाबसा म्हणतो.

"तुझं कसलं? तू नेसला न्हाईस, मी नेसलो." अण्णा काठावरून हात फिरवतात. "दुसऱ्यांस्नी अशी हजार धोतरं इकली. सोताच्या अंगावर हे एकच. झोकात गेलो बघ."

"अण्णा, मी चुकलो."

"चुकलासच."

ते एवढं साधेपणाने म्हणतात की दिवाकरला एकदम हलकं वाटतं. इतकी वर्षं त्याला भीती होती की अण्णा 'जाऊ दे' म्हणतील.

"ऊठ," अण्णा म्हणतात. "सरळ हुबा ऱ्हा."

तो उठतो तर दुकान नाही. कराडच्या मंगल कार्यालयातली वराकडची खोली आहे. भिंतीवर तेलकट डाग, कोपऱ्यात अक्षतांचं ताट, बाहेर सनईची टेप. खिडकीतून मात्र हिरवी टेकडी दिसते आणि तिच्यावर मेंढ्या चरताहेत. दिवाकरचं पोट सुटलेलं आहे, केस पांढरे आहेत, तरीही नवरदेव तोच आहे. अण्णा त्याच्याभोवती किल्ट गुंडाळतात. त्यांचे हात कोरडे आणि ऊबदार आहेत.

"गुडघं आईवर गेलंत तुझं," ते म्हणतात. "तिचं कुणी बघितलं न्हाईत म्हणून तिचं नशीब."

"अण्णा!"

"गप. हलू नगंस." ते निऱ्या चाचपतात आणि थबकतात. "ह्या तर शिवूनच दिल्यात! आळशी लोकं." तरीही ते एकेक निरी बोटांत धरून, दाबून, सारखी करतात. आणि सगळ्या निऱ्या पोटावर आणून बसवतात, जशा धोतराच्या असतात, साडीच्या असतात, जशा त्यांनी जन्मभर बघितल्या.

किल्टच्या निऱ्या मागे असतात. पुढची बाजू सपाट ठेवायची. अ‍ॅलिस्टरने हे दोनदा सांगितलंय, वर स्वतः गोल फिरून दाखवलंय. दिवाकर तोंड उघडतो. समोर अण्णांचं डोकं झुकलेलं आहे, मधोमध तो ओळखीचा विरळ भोवरा. ते मन लावून शेवटची निरी बसवताहेत. दिवाकर तोंड मिटतो. आज अण्णा नेसवतील तसंच नेसायचं. उलटं तर उलटं.

"झक्कास," अण्णा मागे सरून म्हणतात.

"अण्णा, सगळ्यांसमोर सुटलं तर?"

विचारून झाल्यावर त्याला कळतं की आपण काय विचारलं. त्या सकाळी तो चेष्टेने बोलला होता. आता त्याला खरंच भीती वाटतेय, खालच्या त्या झुंबरांच्या दालनाची, परक्या दीडशे माणसांची, लेक परक्या घरची झाल्याची.

"सुटलं तर धराय मी हाय की," अण्णा म्हणतात. "तवाबी हुतो. तुझ्या मागंच हुबा हुतो, मांडवात."

दिवाकरला रडू येतं. स्वप्नात रडायला कुणाची चोरी नसते. तो चांगला हुंदके देऊन रडतो, आणि अण्णा त्याच्या पाठीवर थोपटतात, कापडाचा तागा थोपटावा तसे.

"आता ऐक," ते म्हणतात. सनई थांबलीय. "पोरीनं सोता निवडून आणलंय. तिला 'बरं' म्हणाय लावू नगंस. म्हणून टाकतो माणूस, पण लई जड जातं ते. मला जड गेलं."

"अण्णा, थांबा ना. जेवून जा."

"सोवळ्यात हाय की मी, आता तुमच्यात कसा बसू?" अण्णा हसतात. मग खोलीचं दार वाजतं. ते दार कराडचं की हॉटेलचं, हे कळत नाही. अण्णा उघडायला म्हणून वळतात. वाजणं वाढत जातं.

"बाबा! साडेपाच झाले!"

दिवाकर डोळे उघडतो. तो पलंगावर नाही, आरशासमोर उभा आहे. गाल ओले आहेत. अंगावरची पँट आता खुर्चीवर आहे, आणि तिची चापूनचोपून घडी घातलेली आहे. दिवाकरने जन्मात कधी पँटची घडी घातलेली नाही. कमरेला किल्ट आहे, दोन्ही पट्टे घट्ट आवळलेले. निऱ्या पोटावर आहेत, एकीला एक लागून, एका सरळ रेषेत.

तो दार उघडतो. रेवती साडीत उभी आहे, हातात पदर आणि चेहऱ्यावर घाई. ती त्याला वरपासून खालपर्यंत बघते. आधी तिचा चेहरा उजळतो, मग तिला हसू फुटतं.

"घातलात! बाबा, तुम्ही घातलात!" ती त्याच्या गळ्यात पडते, मग लांब होऊन पुन्हा हसते. "पण उलटा घातलाय. निऱ्या मागे असतात हो. कुणी नेसवलं हे तुम्हाला?"

"अण्णांनी."

अण्णा गेले तेव्हा ती दहा वर्षांची होती. कराडच्या आजोबांनी तिला गादीवर बसवून कापडाच्या चिंध्यांचा गठ्ठा खेळायला दिला होता, एवढंच तिला आठवतं. तिचं हसू थांबतं. ती त्याच्या ओल्या गालांकडे बघते. मग पुढे होऊन बकलावर हात ठेवते.

"फिरवू?"

"फिरव," दिवाकर म्हणतो. आणि तिचा हात तिथेच धरतो. "पण जरा थांब. पाच मिनिटं राहू दे असंच."

खाली बॅगपाइप वाजायला लागतो. जिन्यावरून कुणीतरी रेवतीच्या नावाने हाक मारतं. ती दार लोटून घेते आणि पलंगाच्या कडेला बसते, आणि बापलेक आपल्याच मेजवानीला उशीर करतात.